अडून बसलेला सर्व्हर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की सर्व्हर चालू केल्यावर पहिल्या दोन-चार मिनिटांत स्क्रीनवर जे येतं ते कोणी वाचत नाही, सगळे तेवढ्यात चहाला जातात. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातली, आणि गंमत म्हणजे जवळपास प्रत्येक पत्रात "काहीतरी दाबलं आणि मग" हे शब्द आहेतच. नावं छापत नाहीये, उगाच कोणाला ऑफिसात बोलणी बसायला नकोत.

प्रश्न : सर नमस्कार. वागळे इस्टेटला आमचं छोटं पॅकेजिंग युनिट आहे. तळमजल्यावर पावसाचं पाणी शिरतं म्हणून गणपतीच्या सुट्टीत ऑफिस वर पहिल्या मजल्यावर नेलं. सर्व्हर जड, म्हणून पोरांनी चारही डिस्क काढून पिशवीतून वेगळ्या नेल्या आणि वर गेल्यावर परत लावल्या. आता चालू केला की फॉरेन कॉन्फिगरेशन सापडलं असं येतं, सी दाबा किंवा एफ दाबा. ओळखीचा एक जण म्हणतो क्लिअर करून टाका, फॉरेन म्हणजे बाहेरचं काहीतरी घुसलंय. तीन दिवस तसाच बंद ठेवलाय.

तीन दिवस हात लावला नाहीत हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. आता त्या ओळखीच्या माणसाला चहा पाजा आणि घरी पाठवा.

फॉरेन म्हणजे व्हायरस नाही की बाहेरचं नाही. रेड कंट्रोलर, म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच साठा (ऍरे) करणारं सर्व्हरमधलं कार्ड, कुठल्या डिस्क मिळून एक ऍरे होतो याची नोंद स्वतःकडे ठेवतो आणि तीच नोंद प्रत्येक डिस्कवरही लिहून ठेवतो. दोन्ही जुळल्या की गपचूप चालू होतं. तुमच्याकडे काय झालं असणार सांगू का, वर नेल्यावर कोणीतरी डिस्क लावायच्या आधीच "चालू तरी होतोय का बघू" म्हणून बटण दाबलं, विचारून बघा, कोणी कबूल करणार नाही पण दाबलेलं असतंच. तेव्हा कंट्रोलरला जागा रिकाम्या दिसल्या, त्याने लिहून टाकलं की डिस्क गेल्या, आणि मग तुम्ही त्याच डिस्क परत लावल्यावर तो म्हणतो मी तर यांना गेलेल्या धरलंय, हे कोण आले? एवढाच घोळ आहे.

आता इम्पोर्ट आणि क्लिअर यांतला फरक. इम्पोर्ट म्हणजे डिस्कवर लिहिलेली नोंद खरी मान, त्याने डेटा पुसला जात नाही. क्लिअर म्हणजे डिस्कवरची ती नोंद पुसून टाक, आणि मग चार डिस्क म्हणजे नुसत्या चार डिस्क उरतात, आतला डेटा लगेच शून्य होत नाही पण कुठला तुकडा कुठे हे सांगणारं कोणी राहत नाही, आणि मग रिकव्हरीवाल्याचं बिल येतं. त्यानंतर घाबरून कोणी नवीन ऍरे बनवून इनिशिअलाइज (म्हणजे कोरं) केलं की संपलंच.

पण थांबा, लगेच एफ (म्हणजे इम्पोर्ट) पण दाबू नका. आधी सी (हा क्लिअरचा नाही, मेनूचा) दाबून कंट्रोलरच्या मेनूत जा, तिथे फॉरेन कॉन्फिगरेशनचा प्रिव्ह्यू बघता येतो, चारही डिस्क त्यात दिसतायत का आणि ऍरे पूर्ण दाखवतोय का ते बघा, मोबाईलने प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा. चारही एकदम फॉरेन असतील आणि ऍरे ऑप्टिमल (म्हणजे धडधाकट) दाखवत असेल तर इम्पोर्ट करा, बहुतेक वेळा पाच मिनिटांत मशीन उभं राहतं.

वेगळी गोष्ट तेव्हा, जेव्हा एकच डिस्क फॉरेन दिसते आणि बाकीच्यांवर ऍरे डिग्रेडेड (म्हणजे एक डिस्क कमी) का होईना पण चालू आहे. ती डिस्क कदाचित मार्च महिन्यातच बाहेर पडली असेल, लाल दिवा लागला असेल आणि कोणी बघितलाच नसेल, आणि आता बाहेर काढून परत लावल्यावर ती पुन्हा जिवंत दिसतेय. तिच्यावरचा माल मार्चचा. तिला इम्पोर्ट करायचं नाही, फक्त तेवढ्या एका डिस्कची फॉरेन नोंद क्लिअर करायची आणि मग तिच्यावर रिबिल्ड (म्हणजे बाकीच्या डिस्कवरून डेटा परत भरणं) चालवायचं, तेही बॅकअप घेऊन झाल्यावर, आणि खरं सांगायचं तर एकदा बाहेर पडलेली डिस्क परत घेण्यापेक्षा नवीनच टाका. आणि रेड ५ मध्ये (एकच डिस्क गेलेली चालते अशी मांडणी) दोन डिस्क वेगवेगळ्या वेळी गेल्या असतील तर कंट्रोलरचा इव्हेंट लॉग वाचून कुठली आधी गेली ते शोधल्याशिवाय काहीच करायचं नाही. शेवटी गेली तिच्यावरचा डेटा ताजा, आधी गेली तिच्यावरचा शिळा, आणि शिळी आधी ऑनलाइन केली की ताज्या डेटाचीही खिचडी होते. इथे प्रयोग नकोत, माहीतगाराला बोलवा.

पुढच्या वेळी डिस्क काढताना मार्करने ० १ २ ३ लिहा. कंट्रोलर डिस्कवरची नोंद वाचून बहुतेक वेळा अदलाबदल सांभाळून घेतो, पण तुम्हालाच उद्या कुठली कुठे होती ते कळायला हवं.

प्रश्न : नौपाड्यात आमची सीएची फर्म आहे. रविवारी एकाने सर्व्हरचा बायोस (मशीन चालू करणारा आतला प्रोग्राम) अपडेट केला, सोमवारी सकाळी निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागतोय. कोणालाच माहीत नाही. रिटर्नची तारीख तोंडावर आहे. सर, काही जुगाड आहे का?

ताई (सही वाचून अंदाज केलाय, चुकलं असेल तर माफ करा), जुगाड नाही. जुगाड असता तर ते कुलूप कसलं.

पण हातपाय गाळायच्या आधी हे समजून घ्या. बिटलॉकर म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये बंद असते, आणि चालू होताना फर्मवेअरची (बायोससारखा मशीनच्या आतला प्रोग्राम) आणि सिक्युअर बूटची (ओळखीची सही असलेलंच चालू होऊ देणारी सोय) अवस्था मोजली जाते, ती पूर्वीसारखीच असेल तरच चिप किल्ली सोडते. बायोस अपडेट झाल्यावर बऱ्याचदा सेटिंग डिफॉल्टला जातात, सिक्युअर बूट बंद होतं किंवा जुन्या पद्धतीचं बूट चालू होतं, मग चिपला वाटतं मशीन बदललं. म्हणून पहिली गोष्ट, सेटअपमध्ये जाऊन सिक्युअर बूट आधी चालू होतं का हे आठवा आणि होतं तसं करा, पुष्कळदा तेवढ्यानेच की न मागता विंडोज चालू होतं. आणि तिथे फिरताना टीपीएम क्लिअर नावाचा पर्याय दिसेल, त्याच्या वाटेला जायचं नाही. तो दाबलात की चिपमधली किल्ली कायमची गेली.

तेवढ्याने नाही झालं तर की शोधा. स्क्रीनवर एक की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं लिहून घ्या, म्हणजे चार कागद सापडले तर त्यातला कुठला आपला ते कळेल. मग बघा, ज्याने मशीन पहिल्यांदा लावलं त्याचं किंवा ऑफिसचं मायक्रोसॉफ्ट खातं, डोमेन असेल तर ऍक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसच्या सगळ्या खात्यांची मध्यवर्ती नोंद), एखादा पेनड्राइव्ह, किंवा छापलेला कागद. मागे मी एका ठिकाणी हा कागद तिजोरीत नाही तर सर्व्हरच्याच वॉरंटीच्या पाकिटात पाहिलाय, बिलाच्या मागे. की सापडलीच नाही तर बॅकअप हा एकच रस्ता, आणि "आम्ही बिटलॉकर तोडून देतो" म्हणून ऍडव्हान्स मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पुढच्या वेळेसाठी, फर्मवेअरला हात लावायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करायचं, म्हणजे डिस्क डिक्रिप्ट होत नाही, फक्त एक-दोन रीस्टार्टपुरती टीपीएमची चौकशी थांबते. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते कोणीही करत नाही. मदरबोर्ड बदलायचा असेल तर मात्र नवीन चिप येणार, तिथे ४८ आकडे हातात असल्याशिवाय इंजिनीअरला स्क्रू खोलू देऊ नका.

जाता जाता याच्याशीच लागून एक गोष्ट. सिक्युअर बूट ज्या सर्टिफिकेटांवर चालतं त्यातली मायक्रोसॉफ्टची बरीचशी २०११ सालची आहेत, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते आणि विंडोजच्या बूट मॅनेजरवर सही करणाऱ्याची ऑक्टोबर २०२६ मध्ये. व्हॉट्सअपवर फिरतंय तसं मशीन त्या दिवशी बंद पडणार वगैरे काही नाही, चालू होतंच, पण बूटच्या भागाचे पुढचे सिक्युरिटी अपडेट मिळत नाहीत. नवीन सर्टिफिकेटं २०२३ ची आहेत, ती फर्मवेअरमध्ये गेली आहेत का ते आपल्या मॉडेलनुसार तपासा आणि सर्व्हरवर ते आपोआप होईल असं धरून बसू नका. आणि हो, ते करताना आधी बिटलॉकरची की हातात.

प्रश्न : "चालतंय ते कशाला छेडायचं" असं आमचे मालक म्हणतात. पाच वर्षांत एकदाही फर्मवेअर अपडेट केलेलं नाही. ते बरोबर की मी? (महापे)

अर्धे ते, अर्धे तुम्ही. दर महिन्याला काहीतरी नवीन आलं म्हणून टाकत सुटणाऱ्यांनी पण मशीनं बंद पाडलेली मी बघितलीयत. पण मालकांना ही गोष्ट नक्की सांगा. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने स्वतः जाहीर केलं की त्यांच्या काही एसएएस एसएसडी (सर्व्हरमधल्या चिपवाल्या डिस्क) ३२,७६८ तास चालल्यावर निकामी होतात, आणि मग ती डिस्क पण परत मिळत नाही आणि आतला डेटा पण नाही. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. हा आकडा २ चा १५ वा घात आहे, त्यामुळे तास मोजणाऱ्या खान्यात मावेल तेवढी मोजणी संपली असावी, हे प्रोग्रामिंग केलेल्यांना सांगायला नको. उपाय काय तर फर्मवेअर अपडेट, बस. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलसाठी तशीच सूचना आली, तिथे आकडा ४०,००० तास होता.

आता यातली खरी मेख बघा. आपण सर्व्हर घेतो तेव्हा सगळ्या डिस्क एकाच लॉटमधल्या आणि एकाच दिवशी चालू झालेल्या. म्हणजे मरणार पण एकदम. रेड ६ लावा नाहीतर रेड १० लावा, सगळ्या एका तासात गेल्यावर रेड काय करणार? "चालतंय ना" हे त्या मशीनवाले पण ३२,७६७ व्या तासापर्यंत म्हणतच होते.

तेव्हा माझा नियम सांगतो. डिस्क आणि कंट्रोलरच्या फर्मवेअरच्या सूचना वाचायच्याच, क्रिटिकल लिहिलं असेल तर त्याच आठवड्यात करायचं, बाकीचं वर्षातून दोनदा एकत्र. बायोसच्या सेटिंगचे फोटो आधी काढून ठेवायचे. आणि मध्येच लाईट जाईल अशा दिवशी नाही, महावितरणचा शटडाऊनचा मेसेज आलाय का ते बघून.

प्रश्न : तुर्भ्याला गोडाऊनच्या ऑफिसात आमचा सर्व्हर आहे, अकाउंटचं सॉफ्टवेअर त्याच्यावर. मधूनच एखादा दिवस इतका स्लो होतो की बिल निघायला दहा मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी आपोआप बरा. अँटीव्हायरस बदलला, स्विच बदलला, रॅम पण वाढवली.

रॅमचे पैसे वाया गेले, सॉरी. साधारण तीन-तीन महिन्यांनी होतंय का ते कॅलेंडरवर बघा. कंट्रोलरवर एक छोटी बॅटरी असते. लिहायचा डेटा आधी कंट्रोलरच्या मेमरीत घेऊन "झालं" म्हणायचं आणि मग सावकाश डिस्कवर उतरवायचं याला राइट बॅक म्हणतात, वेग त्याच्यामुळे येतो, आणि मध्ये लाईट गेली तर ती बॅटरी त्या मेमरीतला डेटा वाचवते. जुन्या कंट्रोलरमध्ये ही बॅटरी ठराविक काळाने, बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांनी, स्वतःला उतरवून परत चार्ज करून तपासते, तेवढे काही तास कंट्रोलर राइट थ्रूवर जातो, म्हणजे प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहून झाल्यावरच पुढे. म्हणून त्या दिवशी बिलं रांगेत.

तो तपासणीचा वेळ रविवारी रात्री येईल असा मेनूतून लावता येतो. आणि बरं व्हायचं बंद होऊन कायमचाच स्लो झाला तर बॅटरी मेली असं समजा आणि बदला. तिथेच एक पर्याय असतो की बॅटरी नसली तरी राइट बॅकच ठेव. तो लावला की मशीन एकदम पळायला लागतं आणि लावणारा हिरो होतो. मग मे महिन्याच्या एखाद्या दुपारी लाईट जाते, यूपीएस तेवढ्यातच दगा देतो, आणि अर्धी लिहिलेली डेटाबेस हातात येते. नको.

प्रश्न : रबाळेच्या डेटा सेंटरमध्ये आमचं एक लिनक्स मशीन भाड्याच्या रॅकमध्ये आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यावर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर लोड होत नाही, की रिजेक्ट झाली असं म्हणतो. सल्लागार म्हणाले सिक्युअर बूट बंद करा. शिवाय दरवेळी तिथे जायला नको म्हणून आयएलओला (दुरून सर्व्हर सांभाळायच्या पोर्टला) पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट दिसणारा पत्ता, दिलाय, तो चालेल ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते वाचून माझा चहा सांडला. नाही चालणार. आज संध्याकाळी काढा.

एचपीईचं आयएलओ, डेलचं आयड्रॅक, किंवा कोणत्याही कंपनीचं ते मॅनेजमेंट पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या आत बसलेला दुसरा छोटा कॉम्प्युटर, तो मशीन बंद असताना पण जागा असतो, पॉवर बंद-चालू करतो, नवीन ओएस टाकू शकतो. आयएलओ ४ मध्ये २०१७ साली सापडलेलं भोक असं होतं की रिक्वेस्टच्या एका हेडरमध्ये ए हे अक्षर २९ वेळा पाठवलं की पासवर्ड विचारतच नव्हता. गंमत नाही करत. ते बुजवलं गेलं, पण जुनं फर्मवेअर तसंच चालवणारे आहेतच. आणि आयपीएमआय २.० (या पोर्टशी बोलायची जुनी पद्धत) हिची तर रचनाच अशी की युजरनेम बरोबर असलं की लॉगिन व्हायच्या आधीच पासवर्डचा हॅश (पासवर्डचं गुंतवलेलं रूप) समोरच्याला मिळतो, मग तो घरी बसून फोडत बसतो. त्यामुळे ते पोर्ट व्हीपीएनच्या (खासगी जोडणीच्या) मागे ठेवा, वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात), आणि आयपीएमआय लागत नसेल तर बंद करा, त्याच्या जागी रेडफिश २०१५ पासून आलंय. आयड्रॅकचा जुना डिफॉल्ट रूट आणि कॅल्विन हा पासवर्ड तर आता अख्ख्या जगाला पाठ आहे.

आता ड्रायव्हर. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल सही नसलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरसारखा जोडतुकडा) घेत नाही, आणि तुमचा ड्रायव्हर कर्नलबरोबर तिथल्या तिथे कंपाइल होतो त्यामुळे त्याच्यावर डिस्ट्रोची (लिनक्स तयार करून देणाऱ्यांची) सही नाही. बंद करायची गरज नाही, आपली स्वतःची की बनवून तिने सही करायची आणि मोकयूटिल नावाच्या कमांडने ती की नोंदवायची. ते तुम्हाला एक तात्पुरता पासवर्ड विचारेल, तो पुढच्या रीस्टार्टला परत लागतो. इथेच लोक फसतात. रीस्टार्ट झाल्यावर ओएसच्या आधी एक निळी स्क्रीन येते, "कुठलीही की दाबा" म्हणते आणि दहा सेकंद थांबते, त्यात दाबलं नाही तर की नोंदवायची राहून जाते, मशीन नेहमीसारखं चालू होतं आणि ड्रायव्हर तसाच रुसलेला. एसएसएचवरून (दुरून कमांड द्यायच्या खिडकीतून) ही स्क्रीन दिसणारच नाही, म्हणून आयएलओचा रिमोट कन्सोल उघडून, व्हीपीएनमधून हां, त्याच्यासमोर बसून रीस्टार्ट करा. एनरोल निवडा, पासवर्ड द्या, झालं. एकदा की नोंदवली की पुढच्या कर्नलला फक्त सही आपोआप होतेय ना एवढंच बघायचं.

सल्लागारांना विचारा, सिक्युअर बूट बंद करा म्हणताना त्यांनी ते कुठे लिहून ठेवायला सांगितलं का. दोन वर्षांनी दुसरा कोणीतरी येणार आणि त्याला वाटणार हे पहिल्यापासूनच असं होतं.

प्रश्न : दादा, मी कोपरखैरण्याला राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे सगळं शिकायचंय पण कॉलेजला सर्व्हर फक्त काचेतून दाखवतात. लॅमिंग्टन रोडवरून जुना रॅक सर्व्हर घेऊ का?

वन बीएचके असेल तर घेऊ नकोस रे. मी घेतला होता, नेरुळला भाड्याने राहत असताना, चालू केला की सगळे पंखे एकदम फुल स्पीडने सुरू व्हायचे, खालच्या काकू वर विचारायला आल्या होत्या की रात्री अकराला मिक्सर का लावता. आणि लाईटबिल वेगळं.

लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स ७ (कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाक, त्यात यूईएफआय (नव्या पद्धतीचा बायोस), सिक्युअर बूट आणि टीपीएम तिन्ही मिळतात. त्यात लिनक्स टाक, सिक्युअर बूट चालू-बंद करून काय बोंब मारतो ते बघ, वर लिहिलेली ती निळी स्क्रीन मुद्दाम आण आणि दहा सेकंद जाऊ दे. मग एक-एक जीबीच्या चार खोट्या डिस्क जोड, एमडीएडीएम या लिनक्सच्या कमांडने रेड ५ बनव, त्यावर दोन-चारशे फोटो टाक आणि एक डिस्क चालू असताना काढून घे. रिबिल्ड कर. मग दोन काढ आणि रड थोडं. कंट्रोलर कार्डाचे मेनू वेगळे असतात, स्टोरसीएलआय किंवा एसएसएसीएलआय या त्यांच्या प्रोग्रामच्या कमांड वेगळ्या, पण डिग्रेडेड म्हणजे काय आणि तेव्हा हात का थरथरतो हे इथेच कळतं.

आणि एक वही कर. कागदाची. कुठली डिस्क कधी काढलीस, तेव्हा स्क्रीनवर काय आलं, तू काय दाबलंस. पुढच्या महिन्यात त्यातली दोन पानं फोटो काढून मला पाठव, चुकलेलीच पाठव, बरोबर आलेली नकोत.